बिअरचे गुण आणि माझं नाक

‘रेडिओवर बिअर?’ हा प्रश्न पहिल्यांदा आमच्या घरातूनच आला. म्हणून आधीच सांगून टाकतो, की मी आज कुणालाही बिअर प्या असं सांगायला आलेलो नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि ज्यांनी जन्मात तिला हात लावला नाही त्यांचं काही अडलं आहे असं मला मुळीच वाटत नाही. मला बोलायचं आहे ते चाखण्याबद्दल. समोर ठेवलेल्या एका पेल्याला पन्नासपैकी अडतीस गुण द्यायचे की सव्वीस, हे माणूस कशाच्या जोरावर ठरवतो, त्याबद्दल. हे काम मी बरीच वर्षं केलं, आणि त्यात एकदा चांगलाच तोंडघशीही पडलो. तेही सांगणार आहे.

सुरुवातीला एक प्रयोग करू. घरात बडीशेप असेल तर चिमूटभर हातात घ्या. आता दुसऱ्या हातानं नाक घट्ट दाबा आणि बडीशेप चावायला लागा. काय लागतं? थोडं गोड आणि बराचसा चोथा, एवढंच. आता नाक सोडा. क्षणात बडीशेप ‘बडीशेप’ होते! जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी म्हणतात ती मांसल, डाळीच्या कढणासारखी चव, एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण ‘चव’ म्हणतो तो बहुतेक वासच असतो. घशाच्या मागच्या वाटेनं तो नाकात चढतो आणि आपण त्याचं श्रेय जिभेला देऊन मोकळे होतो. म्हणूनच चाखणाऱ्याचं भांडवल म्हणजे त्याचं नाक. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझी पुढची फजिती याच भांडवलाची आहे.

आता बिअर म्हणजे काय ते थोडक्यात. नाचणीचं सत्त्व ज्यांनी घरी केलं आहे त्यांना अर्धी कृती आधीच ठाऊक आहे. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं. इथे नाचणीऐवजी सातू, म्हणजे बार्ली. या मोड आणून वाळवलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. मोड येताना धान्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात. भरड गरम पाण्यात ठेवली की ती विकरं कामाला लागतात आणि पाणी गोड होतं. ते गाळून उकळायचं, उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकायची. त्यांनी कडवटपणा आणि सुगंध येतो. मग गार करून यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं आणि मद्यार्क व कर्बवायू मागे ठेवतं. झाली बिअर. बव्हेरियात १५१६ साली जो प्रसिद्ध नियम झाला त्यात सातू, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं आहेत. यीस्टचा उल्लेख नाही, कारण ते नेमकं काय आहे हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं.

आणि गंमत अशी, की ज्याचं नाव त्या नियमात नाही तेच यीस्ट बिअरच्या वासाचं सर्वांत मोठं कारस्थान करतं.

माझी नोकरी बिअरच्या एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. आमच्याकडे एकच प्रकार होता, लागर. थंड तापमानात सावकाश आंबवलेली, पिवळीधमक, स्वच्छ. रोज सकाळी टाक्यांचे नमुने यायचे आणि मी हुंगायचो. चुकून एखाद्या नमुन्याला लवंगेसारखा वास आला, की घंटा वाजवायची. कारण लागरमध्ये लवंग म्हणजे बाहेरचं, रानटी यीस्ट टाकीत शिरल्याची खूण. टाकी बाजूला, नळ्या उकळत्या पाण्यानं धुवा, कुणाचं चुकलं ते शोधा. वीसेक वर्षं मी लवंगेला चोर म्हणूनच ओळखत होतो.

पुण्यात २००९ साली ‘डुलाली’ सुरू झाली आणि जागेवरच बिअर तयार करून तिथेच विकणाऱ्या छोट्या ब्रुअऱ्यांचं पर्व आपल्याकडे आलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत अशाच एका नव्या ठिकाणी मला एका ओळखीच्या तरुणानं चाखायला बोलावलं. पेला समोर आला. गढूळसर पिवळी बिअर, वर पांढराशुभ्र जाड फेस. मी नाक आत घातलं आणि ताडकन म्हणालो, ‘अरे, टाकी गेली तुझी! लवंग येतेय.’ तो हसला. म्हणाला, ‘काका, अजून एकदा वास घ्या. केळंही येईल.’

आलं. पिकलेल्या वेलची केळ्याचा सरळ वास. ती बव्हेरियन गव्हाची बिअर होती, जिला जर्मन लोक हेफेवायझेन म्हणतात. तिच्यासाठी जे खास यीस्ट वापरतात ते धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून लवंगेचा वास तयार करतं, आणि आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं एस्टर सोडतं, त्याचा वास केळ्याचा. त्या पेल्यात लवंग आली नसती तर गुण कापायला हवे होते! दुधाला आंबूस वास आला तर आपण ते ओतून देतो, आणि ताक आंबट नसेल तर ताकवालीशी भांडतो. ही साधी गोष्ट मला बिअरच्या बाबतीत इतक्या उशिरा कळली.

बिअरला गुण देण्याचं सगळं शास्त्र या एका मुद्द्यावर उभं आहे. ‘मला आवडली का?’ हा परीक्षकाचा प्रश्नच नाही. ‘ही जे व्हायला निघाली होती ते झाली का?’ हा त्याचा प्रश्न. अमेरिकेत १९८५ साली बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी एक व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक प्रकारात काय असावं, काय चालेल आणि काय नसावं, याची तिनं लिहून ठेवलेली वर्णनं आज जगभर वापरतात. त्याच्याही आधी, १९७७ साली, मायकेल जॅक्सन नावाच्या इंग्रज लेखकानं जगभरच्या बिअरचं एक पुस्तक लिहून असे प्रकार लावून दाखवले होते. (नाचणारा तो वेगळा. या बिचाऱ्याला जन्मभर हा खुलासा करावा लागला असणार.)

प्रकार म्हणजे काही ब्रूअरनं कागदावर बसून काढलेल्या कल्पना नव्हेत. त्यांच्या मागे पाणी, हवा आणि बरेचदा भांडण असतं. बोहेमियातल्या पिल्सेन गावाचं उदाहरण घ्या. १८३८ साली तिथल्या लोकांनी गावातल्या बिअरच्या दर्जाला वैतागून छत्तीस पिंपं भर चौकात नगरभवनासमोर ओतली, असं सांगतात. मग त्यांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली आणि योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाला बोलावलं. गावाचं पाणी कमालीचं मृदू, जवळच झाटेत्सचे सौम्य, सुगंधी हॉप्स, माल्ट फिकट रंगाचं. १८४२ साली त्यातून जी सोनेरी, पारदर्शक बिअर निघाली तिच्यावरून ‘पिल्सनर’ हे नाव पडलं. आज जगातल्या दुकानांत दिसणारी बहुतेक पिवळी बिअर ही तिचीच दूरची नातवंडं, बरीचशी पाणी घातलेली. चाखणाऱ्याच्या दृष्टीनं पिल्सनर सर्वांत कठीण, कारण तिच्यात काही लपत नाही. साध्या वरण-भातासारखं आहे ते. डाळ जरा लागली की लगेच कळतं.

इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी याच्या अगदी उलट, जिप्समयुक्त, जड. अशा पाण्यात हॉप्सचा कडवटपणा करकरीत उठून दिसतो. लंडनहून आणि पुढे १८२०च्या दशकापासून बर्टनहून ही कडू, फिकट बिअर जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला यायची. म्हणून तिचं नाव इंडिया पेल एल. ती खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली ही मात्र दंतकथा आहे. उष्ण देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हे इंग्रज ब्रूअरना अठराव्या शतकातच ठाऊक होतं. आज अमेरिकन पद्धतीच्या अशा बिअरला मोसंबं, आंबा, कधी चिरलेल्या पेरूसारखा वास येतो. त्यात फळाचा थेंब नसतो, सगळा हॉप्सचा प्रताप. पहिला घोट घेऊन ‘शी, कडू!’ म्हणणारे कारल्याची भाजी मात्र आवडीनं खातात, हे मी पाहिलं आहे.

बेल्जियमची गव्हाची बिअर आपल्या लोकांना पटकन आवडते, त्याचं कारण तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते. हा प्रकार १९५० च्या दशकात जवळजवळ संपला होता. हूगार्डन गावात पूर्वी दूध घालणाऱ्या पिएर सेलिस नावाच्या माणसानं १९६६ साली तो पुन्हा सुरू केला. आणि काळीकुट्ट स्टाउट? तिला बघून लोक घाबरतात. काळी म्हणजे कडक, असा समज. तो रंग भाजलेल्या सातूचा. कॉफी, कोको, किंचित करपल्याचा वास, हे तिचं वैभव. पण आयर्लंडच्या सर्वांत प्रसिद्ध स्टाउटमध्ये मद्यार्क साधारण सव्वाचार टक्के. आपल्या दुकानांतल्या ‘स्ट्राँग’ लिहिलेल्या पिवळ्या बाटलीत त्याच्या दीडपट ते जवळजवळ दुप्पट असतो.

आता प्रत्यक्ष चाखणी. खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको, आणि परीक्षकानं तासभर आधी पान-तंबाखू, कांदा, मसाल्याचा चहा यांपासून दूर राहावं. मधूनमधून खायला बिनमिठाची बिस्किटं किंवा पाव, आणि साधं पाणी. पेला तुपकट असेल तर बुडबुडे आतून काचेला चिकटून बसतात. असा पेला परत पाठवायचा. बिअर ओतताना पाऊण-एक पेला पुरे, आणि पेला फ्रीजमध्ये ठेवून बर्फाळ केलेला नको. आपल्याकडे गोठवलेला मग आणून ठेवणं हा पाहुणचार समजतात. पण थंडीनं वास बसतो आणि जीभ बधिर होते. हलकी लागर थंड चालते, पण स्टाउटसारख्या बिअर दहा-बारा अंशांना बोलायला लागतात. क्रम हलक्याकडून जडाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. आणि वारुणीचे परीक्षक थुंकतात तसं इथे करत नाहीत. छोटा घोट, पण गिळायचा, कारण कडवटपणा मागे किती वेळ रेंगाळतो हेही पाहायचं असतं. म्हणून एका बैठकीत नमुने मोजकेच.

गुणपत्रिका पन्नास गुणांची. वासाला बारा, रंगरूप आणि फेसाला अवघे तीन, चवीला वीस, तोंडातल्या स्पर्शाला पाच आणि एकूण ठशाला दहा. रूपाला तीनच गुण, हे मला फार आवडतं. पेला समोर येताच आधी नाक लावायचं, कारण काही वास पहिल्या मिनिटातच उडून जातात. मग बघायचं, मग घोट. प्रत्येक रकान्यात गुणांच्या जोडीला कारणं लिहायची. नुसतं ‘छान’ लिहिणारा परीक्षक कामाचा नाही. पंचेचाळीसच्या वर क्वचित जावं, तिशीत चांगली बिअर, विशीत काहीतरी चुकलेलं. दोन-तीन परीक्षक आपापले गुण आधी गुपचूप लिहितात. मग त्यांत सातापेक्षा जास्त फरक पडला, तर बोलून तो मिटवायचा.

हा शेवटचा नियमच माझ्या फजितीला कारण झाला. पण त्याआधी दोषांविषयी बोलायला हवं, कारण परीक्षकाची खरी कसोटी तिथे लागते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागली आहे, जुनी झाली आहे. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे उकळणं नीट झालं नाही किंवा भांड्यावर झाकण राहिलं. हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे यीस्टचं काम अर्धवट असताना घाई केली. उन्हात ठेवलेली बिअर काही मिनिटांत एक उग्र, जळक्या रबरासारखा दुर्गंध धरते. हॉप्सचे घटक प्रकाशानं मोडतात. तपकिरी बाटल्या उगाच नसतात. आणि लोण्याचा वास, म्हणजे डायअसिटिल. आंबताना यीस्ट एक पदार्थ बाहेर सोडतं, त्याचं हळूहळू डायअसिटिल होतं, आणि वेळ दिला तर तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं. म्हणून शेवटी तापमान थोडं वाढवून दोन-तीन दिवस थांबायचं असतं. टाकी रिकामी करायची घाई झाली की हे राहून जातं. वाईट म्हणजे बिअर काढल्यावरही तो पदार्थ आत बदलत राहतो आणि आज पुसट असलेलं लोणी पंधरा दिवसांत ढळढळीत येतं.

२०२१च्या एप्रिलमध्ये मला कोरोना झाला. जिवावरचं निभावलं, पण वास गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी, आणि आमटी म्हणजे मीठ. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला एक उपाय डॉक्टरांनी सुचवला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, अशा चार बाटल्या, रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायच्या. महिनेच्या महिने मी गच्चीत बसून ते केलं. सर्वांत आधी परतली ती लवंग. तिनंच मला पूर्वी खजील केलं होतं! हळूहळू बाकीचं आलं. वर्षभरात मला वाटलं, सगळं आलं. याच सुमारास आमच्या घरी तूप पूर्वीसारखं येत नाही म्हणून मी दूधवाला बदलायला लावला. नवीन दूधवाल्याचंही तूप तसंच. सौभाग्यवती म्हणाली, ‘तुपाला काही झालेलं नाही.’ मी ऐकलं नाही.

२०२२च्या अखेरीस काही छोट्या ब्रूअर मंडळींनी आपापसांत एक चाखणी ठेवली. मी आणि दोन तरुण परीक्षक, पेल्यांवर फक्त क्रमांक. एका फिकट एलला मी एकोणचाळीस दिले. त्या दोघांनी सत्तावीस आणि सव्वीस. दोघांच्याही कागदावर एकच शब्द, लोणी. मी पुन्हा हुंगलं. काही नाही. मी म्हणालो, ‘तुम्हाला माल्टचा गोडवा जाणवतोय, लोणी नव्हे. वीस वर्षं मी हेच काम केलंय.’ त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांचा मान राखला. गुण तेहतिसावर आले, आणि शेऱ्यात माझंच वाक्य गेलं: ‘स्वच्छ, निर्दोष किण्वन.’

ती बिअर त्याच तरुणाची होती, ज्यानं मला केळ्याचा वास दाखवला होता. त्याला स्वतःलाच शंका होती, पण माझा शेरा वाचून त्यानं ती पाचशे लिटर बिअर नळाला लावली. पंधरा दिवसांत गिऱ्हाईकं विचारायला लागली, पॉपकॉर्नचा वास कसला येतोय? उरलेली सगळी कागदपत्रं करून ओतावी लागली. त्या वर्षी त्याचं भाडंही थकलेलं होतं, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. तो मला एक शब्दही बोलला नाही. फक्त एका बाटलीत थोडी बिअर घेऊन आला आणि म्हणाला, ‘काका, घरी बघा एकदा.’

मी जुन्या सहकाऱ्याकडून डायअसिटिलचं द्रावण मागवलं. साध्या लागरचे सहा पेले भरले, तिघांत ते मिसळलं, आणि मुलीला क्रम बदलायला सांगितला. सहांपैकी मला एकही ओळखता आला नाही. प्रमाण दुप्पट केलं, चौपट केलं. मुलगी दारातून म्हणाली, ‘बाबा, अख्ख्या खोलीत लोणी आहे.’ काही माणसं जन्मतःच या वासाला आंधळी असतात, पण मी नव्हतो. नोकरीत मी हा दोष शेकडो वेळा पकडला होता. कोरोनानं नेलं की वयानं, डॉक्टरांना छातीठोक सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोन्ही परीक्षकांना आणि त्या तरुणाला फोन केला. तिघांशी बोलणं अवघड होतं, त्यातल्या त्यात त्याच्याशी. तेव्हापासून कुठल्याही चाखणीला बसलो तर सुरुवातीलाच सांगतो, की लोण्याच्या बाबतीत माझा कागद कोरा समजा. इतर गोष्टींत नाक अजून चालतं. आणि तुपाबद्दल घरी माफी मागून झाली, जुना दूधवाला परत आला.

मागच्या महिन्यात त्यानं नवी टाकी दाखवायला बोलावलं. आता तो प्रत्येक वेळी एक साधी तपासणी करतो. एकाच टाकीचे दोन नमुने काढायचे, त्यातला एक झाकून साठेक अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं गरम ठेवायचा, मग गार करायचा. यीस्टनं सोडलेला पदार्थ शिल्लक असेल तर गरम केलेल्यात लोणी उघड येतं. त्यानं दोन्ही पेले आधी माझ्यापुढे धरले. मी हुंगले आणि मान हलवली. मग त्यानं हाताखाली नव्यानं लागलेल्या मुलीला हाक मारली. तिनं एकेकदाच नाक लावलं आणि म्हणाली, ‘अजून दोन दिवस.’ त्यानं टाकीवर खडूनं लिहिलेली तारीख पुसली आणि नवी लिहिली.